तूर खाली, माणसं वर

प्रिय आप्पा,

आज रविवार. निलंग्यात सकाळपासून लाईट नाही, माय देवळात गेलीय आणि मी मागच्या दारी पायरीवर बसून तुम्हाला लिहायला घेतलंय. काल लातूरला मी भर सभेत जे बोलले ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. आपल्या चाकूरकडच्या लोकांचा काय भरवसा? तिकडंसुद्धा कुणीतरी माझ्याआधी पोचून चुगली करायचा!

काल वाचक मंडळाचं व्याख्यान होतं. विषय त्यांनीच दिला होता: महासत्ता जग कसं बांधून घेतात, फौजेनं की व्यापारानं? मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते म्हणून मला बोलावलं. मी जोरात तयारी केली. अमेरिकेचे जगभरातले लष्करी तळ, चीननं बांधलेली बंदरं आणि रस्ते, त्यासाठी दिलेली कर्जं, सगळं नकाशासकट.

मग परवा मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, एक विनंती होती. आफ्रिकेचा विषय निघेलच. पण आप्पांचं ते प्रकरण तेवढं नका काढू. शेठ पहिल्या रांगेत बसणार आहेत. हॉलही त्यांचाच आहे."

खरं सांगू? तोवर तुमचं नाव घ्यायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. फोन ठेवला आणि म्हटलं, आता तर घेणारच!

तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगायची म्हणजे गंमतच. पण तुम्ही ती धड सांगितलीत तरी कधी? थोडी तुमच्याकडून, थोडी आफ्रिकेतल्या गुजराती गोदामवाल्याकडून, अशी तुकड्यातुकड्यानं मी ती गोळा केली. काल लोकांसमोर पहिल्यांदाच सलग सांगितली.

तुम्ही शेठच्या दालमिलमध्ये तूर पारखायला होतात. मूठभर दाणे तळहातावर घेऊन, एक दाताखाली फोडून ओल सांगायचात. लातूरच्या मिलना मोझांबिकची तूर लागायला लागली तेव्हा शेठनं तुम्हालाच तिकडं धाडलं. माय केवढी चिडली होती! "इथं शेतात काय बाभळी लावल्यात का? तूर आणायला समुद्रापल्याड कशाला जायचं?" तरी तुम्ही गेलात. मग दर हंगामाला जात राहिलात.

पहिल्यांदा परत आलात तेव्हा अंगणात बाजेवर बसून सांगत होतात, "तिकडं तुरीला बोएर म्हणतेत. पिकवतेत लई, पर खातेत थोडी. आपल्याच वरणासाठी पिकवायलेत बघ."

मी तेव्हा एम.ए. करत होते. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न तुम्हाला टाकला. तिथं अमेरिकेचं वजन जास्त की चीनचं? तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, "अमेरिकेचे साहेब फौजेला बंदूक शिकवायला येतेत. चिनी डांबर घेऊन येतेत. रस्ता मात्र झ्याक केलाय गड्यांनी. ट्रकमधी बसून चहा पिलो, थेंब सांडला न्हाई."

"म्हणजे चीन भारी?"

"तसं न्हाई. रस्ता खाणीपासून थेट बंदराला जातो. मधल्या गावाला फाटाच न्हाई. अन् फौज उभी ऱ्हाते गॅस कंपनीच्या कुंपणापाशी. कुंपणाभायेरच्या गावात शिपाई सापडत न्हाई."

मी वाद घातला. नसण्यापेक्षा असलेला रस्ता बरा नाही का? तुम्ही लगेच "हाव, हाय की" म्हणून मान्य केलंत. मग मी विचारलं, "आणि आपण? आपण काय घेऊन जातो तिथं?" तुम्ही म्हणालात, "आपण वजनाचा काटा घेऊन जातो. आपल्याला तूर कमी पडली की जातो. दिल्लीनं आयात बंद केली की त्यांची तूर झोपडीत सडते. तवा फोन उचलत न्हाई कुणी."

आणि मग तो हंगाम आला. तुम्ही मोझांबिकच्या उत्तरेला एका छोट्या गावात पत्र्याच्या शेडमध्ये खरेदी करत होतात. आसपासच्या बायका माल चाळायला यायच्या. रोझा त्यांची मुकादम. तिच्याबद्दल तुम्ही एवढंच सांगायचात की बाई तोंडाची फटकळ, पण चाळणी हिच्यासारखी कुणाला धरता येत नाही.

एका सकाळी बातमी आली की हत्यारबंद टोळी शेजारच्या गावात शिरलीय आणि घरं पेटवतेय. आधी गॅस कंपनीचं हेलिकॉप्टर आलं आणि आपली माणसं घेऊन गेलं. मग रस्ता बांधणाऱ्या चिन्यांच्या कॅम्पवरच्या बस आपले इंजिनिअर घेऊन गेल्या. काल मी मुद्दाम म्हणाले की त्यांना मी वाईट ठरवत नाही. ज्यांची जबाबदारी होती त्यांना त्यांनी नेलं. पण गावाची जबाबदारी कुणाची होती? फौजवाल्यांची की रस्तेवाल्यांची?

तुमच्या शेडपाशी ट्रक उभा होता, तुरीनं गच्च भरलेला. शेठचा फोन आला: माल घेऊन निघा, थेट बंदर गाठा. त्यात वावगं काही नव्हतं, माल त्यांचा होता. तेवढ्यात रोझा फाटकात आली. म्हातारी आई पाठीवर, मागं बाकीच्या बायका, पोरं. ती काही मागत नव्हती म्हणे. नुसती ट्रककडं बघत होती.

आणि तुम्ही ट्रकचा मागचा फाळका पाडलात! "तूर खाली! माणसं वर! चला, चला!" चाकूरच्या मराठीत ओरडत होतात आप्पा, तिथल्या एकाला तरी कळत होतं का? पण कळलं. बायकांनीच पोती ओढून खाली टाकली. गोदामवाला सांगत होता, सगळ्यात शेवटी तुम्ही चढलात, तेही रोझानं शर्टाची कॉलर धरून वर खेचलं म्हणून.

फाटा नव्हताच, रानातून आडवा घालून त्याच चिन्यांच्या रस्त्यानं ट्रक सुसाट बंदराला गेला. तो रस्ता नसता तर तुमच्यापैकी कुणी उरलं असतं का? काल मी हेही सांगितलं. लपवायचं कशाला?

तुम्ही परत आलात आणि शेठनं कामावरून काढलं. इथं मात्र माझं तुमच्याशी भांडण आहे. तुम्ही गप्प का बसलात? माय रडत होती, गल्लीत लोक म्हणत होते की म्हातारा आफ्रिकेत माल फुंकून आला, आणि तुम्ही निवांत शेतात निंदायला गेलात! एक शब्द तरी बोलायचा होतात. मला वाटायचं, तुम्हाला राग येतच नाही. आता वाटतं, तुम्हाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसावं.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी लिंबाखाली आडवे झालात ते उठलाच नाहीत. दहाव्यानंतर तुमच्या फोनवरून मी रोझाला कॉल केला. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. मी नुसतं "आप्पा" म्हणाले आणि रडू लागले. तिला उमगलं. बराच वेळ ती रडली. मग स्वच्छ मराठीत म्हणाली, "चला, चला." तिला येणारे मराठी शब्द तेवढेच.

हे सगळं काल मी सांगितलं. शेठ उठून उभे राहिले. वय झालंय आता त्यांचं, पण आवाज तोच. "बाई, तुमचे वडील माझा माल रस्त्यावर टाकून आले. व्यापारात हे चालतं का?"

मी म्हणाले, "नाही चालत, शेठ. नुकसान तुमचं झालं, तेही मी नाकारत नाही. पण ज्या व्यापारात हे चालत नाही त्यानं आपण तिथं मैत्री करायला आलोय असं म्हणू नये. तो अमेरिकेचा असो, चीनचा असो नाहीतर लातूरचा."

शेठ गेले. त्यांच्यामागं अर्धी रांग गेली.

मागून एक शेतकरी उठला. चाकूरचाच, गळ्यात उपरणं. मला वाटलं हा तरी शाबासकी देईल. कसली शाबासकी! "ताई, तुमच्या वडलानं माणसं वाचवली, चांगलं झालं. पर ती परदेशी तूर आली की आमचा भाव पडतो. त्या रोझाचं ऐकलं, आता आमचं कोण ऐकणार?"

मी म्हणाले, "दादा, तुमचा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडं त्याचं तयार उत्तर नाही. एवढंच सांगते, तुमचा भाव रोझा ठरवत नाही आणि तिचा तुम्ही ठरवत नाही. जे ठरवतात त्यांना तुमच्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही." त्याचं समाधान झालं नाही. मान हलवत खाली बसला.

रात्री घरी पोचते तोच प्राचार्यांचा मेसेज: सोमवारी सकाळी केबिनमध्ये भेटा. शेठ आमच्या कॉलेजच्या संस्थेवर संचालक आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मायनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. म्हणाली, "बापावर गेलीस." रागानं म्हणाली की कौतुकानं, ते मी विचारलं नाही.

तर आप्पा, उद्या मी केबिनमध्ये जाणार आहे. माफीनामा मागतील. देणार नाही. वर्ग काढून घेतले तर घेऊ देत. तुम्ही गप्प राहिलात तो तुमचा स्वभाव होता, माझा तो नाही.

आणि एक राहिलंच. काल सभा संपल्यावर तो शेतकरी फाटकापाशी माझी वाट बघत थांबला होता. म्हणाला, "ताई, हितं हॉलमधी बोलून काय उपेग? आमच्या गावात या. पारावर बसून बोला. पर सांगून ठेवतो, आम्ही भांडणार."

मी म्हटलं, "भांडा की. येते."

पुढच्या रविवारी जाणार आहे. नकाशा नेणार आहे, पण उत्तर नेणार नाही. ज्याचं उत्तर येत नाही ते येत नाही म्हणून सांगेन आणि ते भांडून दमेपर्यंत तिथून उठणार नाही. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
ज्योती