दीर्घकालीन अनुभव : एकतीस किलोमीटर

४ मार्च, सकाळी ११
गाडी आली! अठराशे सीसीची मोटरसायकल, सहा सिलिंडर, वजन साडेतीनशे किलोच्या वर, गरम होणारी सीट, रिव्हर्स गिअर. शोरूमच्या माणसाने चालवत आणून दिली. मीच आणणार होतो, पण बूट नवे होते. मीटर : ९.
एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लोकांचे पंप रिजेक्ट केले. आता रिटायर झाल्यावर या गाडीचा दीर्घकालीन अहवाल लिहिणार. निःपक्षपाती. फक्त स्वतःसाठी.
बायकोला लाल हेल्मेट घेतलं. माझ्या आणि तिच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम, रेंज सव्वा किलोमीटर. तिला शब्द दिलाय, पंधरा दिवसांत दीपगृह बघायला जायचं. तीनशे किमी. लग्न झाल्या झाल्या जाणार होतो, तेव्हा बस चुकली. (माझ्यामुळे नाही.)

५ मार्च
पेट्रोल पंपावर जाऊन आलो. एकटा! जाऊन-येऊन चार किमी. गाडी लोण्यासारखी चालते. परत येताना गेटपाशी थांबलो तर डावीकडे झुकली आणि झुकतच गेली. वॉचमन आणि लिफ्ट दुरुस्तीला आलेले दोघे, अशा तिघांनी उचलली. मी सूचना दिल्या. वॉचमन म्हणाला, साहेब, थांबताना पाय टेकवायचा असतो. याला कोणी विचारलं होतं?
निष्कर्ष : गाडीत डावीकडे झुकण्याचा मॅन्युफॅक्चरिंग दोष. मीटर : १३.

१९ मार्च, सकाळी ६.४०
दीपगृह पुढे ढकललं. वारा. बायकोने डबा भरला होता, तो हॉलमध्ये बसून खाल्ला. ती म्हणाली, बाहेर पानसुद्धा हलत नाहीये. वारा वरच्या थरात असतो, हे औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून कसं कळणार?

२ मे
नवी पद्धत. वॉचमनच्या मदतीने गाडी मेन स्टँडवर चढवली आहे. रोज सकाळी सात ते सात-दहा इंजिन चालू, सीट गरम, गाणी चालू. मी वर बसून असतो. आठवड्याला सत्तर मिनिटं. ताशी साठने धरलं तर सत्तर किमी झाले. मीटर ते दाखवत नाही. मीटरवर लक्ष ठेवणे.

८ जून, रविवार
दोघांची प्रॅक्टिस. बायको लाल हेल्मेट घालून मागे, मी पुढे, गाडी स्टँडवर. इंटरकॉममध्ये आवाज एकदम स्वच्छ. तिने विचारलं, निघायचं का? मी म्हटलं, आधी वजनाचा अंदाज घेऊ. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, कानात नुसता श्वास येत होता. समोर पार्किंगची भिंत. चाळीस मिनिटं बसलो. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी बाल्कनीतून टाटा केला. बायकोनेही हात हलवला.
निरीक्षण : मागची सीट उत्तम असावी. तिने तक्रार केली नाही.

१६ सप्टेंबर
बायकोचा गुडघा. सव्वीस वर्षं काउंटरमागे उभं राहून झिजला. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात ऑपरेशन करावं लागेल आणि मग पाय उचलून काही ओलांडायचं नाही. तिने विचारलं, मोटरसायकलवर बसायचं? ते म्हणाले, मी तेच सांगतोय.
घरी येताना ती एकच वाक्य बोलली, मग ऑपरेशनच्या आत जाऊन येऊ या. मी म्हटलं, नक्की. अगदी मनापासून म्हटलं, माझे डोळे भरून आले होते. उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला चालवणार. रस्ते मोकळे असतात.

१७ सप्टेंबर
साडेपाचला उठलो. रस्ते फारच मोकळे. मोकळ्या रस्त्यावर लोक सुसाट येतात. दहा वाजता पुन्हा पाहिलं. ट्रॅफिक.

११ जानेवारी
गाडी चालू होत नाही! मी म्हणतच होतो. आता सगळं लिहून काढतो.
मेकॅनिक घरी आला. म्हणाला, रोज दहा मिनिटं जागेवर चालू ठेवून सीट गरम करत बसलात तर बॅटरी मरणारच. मग टायरपाशी उकिडवा बसला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, चालवले की झडतात. त्यावरून त्याने बोट फिरवलं. म्हणाला, बावीस वर्षं हा धंदा करतोय, दहा महिन्यांच्या गाडीवर हे पहिल्यांदा बघतोय. मी म्हटलं, निगा ठेवली की असं राहतं.

१३ जानेवारी
मेकॅनिकने नवी बॅटरी बसवून गाडी वर्कशॉपला चालवत नेली, चालवत आणली. मीटर : ३१. रिपोर्टवर लिहिलंय, ऑल ओके. माझ्या अनुभवात ऑल ओके लिहिणारा माणूस कधीच नीट तपासत नाही.

३१ जुलै
ऑपरेशनची तारीख मिळाली, २९ सप्टेंबर. बायको हल्ली दीपगृहाचं विचारत नाही. लाल हेल्मेट कपाटावर आहे, ते मात्र दर रविवारी पुसते. ते बघवत नाही मला. ठरलं. येत्या नऊ तारखेला जायचं. वारा असो, नसो.

९ ऑगस्ट, रविवार, सकाळी ७.३०
गाडी स्टँडवरून काढली. बायको मागे बसली. वजनाचा प्रश्न नाही, अंदाज घेऊन झालेला आहे. गेटपर्यंत गेलो. वॉचमनने गेट उघडलं आणि धरून उभा राहिला. समोर रस्ता. मी पाय टेकवून ठेवले होते, दोन्ही. मागे दोन कार येऊन थांबल्या, हॉर्न वाजायला लागले. मग त्या कंटाळून दुसऱ्या गेटने गेल्या.
मी रिव्हर्स गिअर टाकला. रिव्हर्स गिअर अप्रतिम आहे.
उतरताना तिने माझ्या खांद्याला धरलं. म्हणाली, अहो, विकून टाका.

१३ सप्टेंबर
गाडी विकली. घेणाऱ्या बाई दंतवैद्य आहेत. उंची माझ्या खांद्याइतकी. मीटर बघून म्हणाल्या, एकतीस? पुढचे आकडे उडालेत का? मी म्हटलं, जपून वापरली. त्यांनी विचारलं, काही प्रॉब्लेम? मी ही वही काढून डावीकडे झुकण्याबद्दल वाचून दाखवलं. त्या गाडीवर बसल्या, पाय टेकवला, गाडी सरळ केली. म्हणाल्या, झुकत तर नाहीये.
तेवढ्यात बायको खाली आली. डोक्यात लाल हेल्मेट, हातात बाथरूममधलं स्टूल. बाईंना म्हणाली, नेण्याआधी मला एक चक्कर मारून आणाल? बाई म्हणाल्या, बसा की काकू. ती स्टुलावर चढली, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे टाकला. मी धरायला पुढे झालो, पण वॉचमनने आधीच धरलं होतं.
इंटरकॉम दाखवायचा म्हणून माझं हेल्मेट डोक्यातच राहिलं होतं. त्या गेटबाहेर पडल्या आणि माझ्या कानात बायको हसली. असं हसलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग ती ओरडून बाईंना म्हणाली, अजून जरा पुढे नेता? मी म्हटलं, माझा आवाज येतोय का? उत्तर आलं नाही. मग नुसती खरखर. रेंज संपली असावी.
पार्किंगमध्ये तसाच हेल्मेट घालून उभा राहिलो. त्या परत आल्या तेव्हा मीटर ३७. म्हणजे तिचे सहा. माझे, पेट्रोल पंप धरून, चार.
बाई गाडी घेऊन गेल्या. बायको स्टुलावर बसून राहिली, केस विस्कटलेले. मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, वारा होता. खूप छान वारा होता.
अंतिम अहवाल : गाडीत कोणताही दोष आढळला नाही.