आप्पांनी काढलेला माशीचा फोटो

सुशांत,

फोनवर बोलवेना, म्हणून लिहून ठेवतेय. सकाळी गॅलरीत आप्पांना गांधीलमाश्या चावल्या. तोंड सुजलं, श्वास घेता येईना. स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात ठेवलंय, आता शुद्धीवर आहेत. मी त्यांचा टॉवेल आणि चष्मा न्यायला घरी आले.

गॅलरीचं दार उघडू नकोस. कढीपत्त्याच्या कुंडीमागे पोळं आहे. आमटी फ्रीजमध्ये आहे.

काल त्यांनी मला फोटो दाखवला होता. ग्रुपवर परक्या लोकांना फोटो बघून किडे ओळखून देते मी, त्यांना मात्र चपला घालता घालता सांगितलं, ही होव्हरफ्लाय आहे, नुसती मधमाशीसारखी दिसते, चावत नाही, खुशाल कुंडी सरकवा. आत्ता फोटो मोठा करून पाहिला. होव्हरफ्लायच्या मिशा आखूड असतात. हिच्या लांब आहेत. स्पष्ट दिसतंय.

मघाशी त्यांनी विचारलं, "चावत नाय म्हणालीस ना गो?" मी म्हटलं, तुम्ही फोटो दुसऱ्याच माशीचा काढला असेल.

"असात गो," म्हणाले. "माका हल्ली धड दिसणा नाय."

टॉवेल नेतेय. चष्मा टेबलावर आहे. तो तू आण.

श्रुतिका