मंगळवारी बोललेला शनिवार

४ नोव्हेंबर, मंगळवार
शनिवारपर्यंतचे पाचही कार्यक्रम एका बैठकीत उरकले. घसा बसलाय. रेडिओवरचा सहा ते सातचा आमचा रॉक तास म्हणजे आता एवढंच. गाणी बंगळूरहून ठरून येतात, त्यात रॉक फार तर दोन, बाकी सिनेमाची. मधे मी कन्नडात बडबडायचं. शनिवारच्या भागात मी म्हणाले, "काय सुंदर संध्याकाळ आहे, आत्ता फर्माइश पाठवा." मॅनेजर गिरीश म्हणाला, "हसू थोडं वाढवा मॅडम." वाढवलं.
पूर्वी स्टुडिओच्या याच दारात विद्यानगरची कॉलेजची मुलं रॉकच्या सीडी घेऊन ताटकळायची. आज दाराशी वॉचमनसुद्धा नव्हता.

८ नोव्हेंबर, शनिवार
विसरलेली फाइल आणायला देशपांडे नगरातल्या रेडिओ स्टेशनवर गेले. स्टेशनखालच्या टपरीवर चहा मागितला, साखर कमी. टपरीतल्या रेडिओवर माझाच तास चालू. शेजारी पन्नाशीचा माणूस, नखांत ग्रीस. त्यानं रेडिओकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"अक्का, तुम्ही इथं. मग आत कोण बोलतंय?"
"मीच. मंगळवारी बोलले होते."
मल्लप्पा नाव. कलघटगीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. रॉक एवढं कमी का केलं, हे विचारायला बसनं आला होता. सात वाजता मी खाली उतरेन म्हणून थांबलेला.
"फर्माइशी कोण वाचतं?"
"कुणी नाही."
रागावला नाही. चहा संपवला, माझा नंबर घेतला, स्टँडकडं गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

१० नोव्हेंबर, सोमवार
मल्लप्पांचा फोन. शनिवारी स्टेशननं ठेवलेला श्रोत्यांचा मेळावा आहे, बंगळूरच्या मुख्य ऑफिसातल्या मोठ्या मॅडम येणार. जुने श्रोते गोळा करून ते येतायत. "आमचं कोण ऐकतंय अक्का? तुम्ही फक्त खरं ते सांगा." मी हो म्हणाले.
रात्री श्रीकांतला सांगितलं. नवरा वकील, एवढंच म्हणाला, "तुझा करार मार्चपर्यंतच आहे. आपल्या मानसीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. बघ बाई तू."

१५ नोव्हेंबर, शनिवार
मेळावा झाला. मोठ्या मॅडम तशा लहानच, तिशीच्या, बोलायला गोड. मल्लप्पा इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले, कानडी आदराचं 'री' लावून बोलले. "गाणी कमी करा री, चालेल. पण कालचं बोलणं आजचं म्हणून ऐकवू नका."
मॅडम हसल्या. "आमच्याकडं सगळं लाइव्ह असतं. तुमच्या लाडक्या अक्कांनाच विचारा."
सगळे माझ्याकडं वळले. मी म्हणाले, "यात बऱ्याच तांत्रिक बाबी असतात."
तेही रेडिओच्या आवाजात, हसून.
मल्लप्पा खाली बसले. नाश्त्याला थांबले नाहीत, त्यांच्याबरोबरचेही नाहीत. गिरीश म्हणाला, "छान सांभाळलंत."

१६ नोव्हेंबर
काही नाही. झोपून होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
रेकॉर्डिंग. चार भाग नीट झाले. शनिवारच्या भागात 'आत्ता' या शब्दाशी तीनदा अडखळले. गिरीशला वाटलं घसा. गरम पाणी मागवलं त्यानं.
म्हटलं, "घसा नाही. चालू कर."
मग बोलले. मी हे मंगळवारी बोलतेय. शनिवारी तुमच्याकडं ऊन असेल की ढग, मला ठाऊक नाही. गेल्या शनिवारी मेळाव्यात एका श्रोत्यानं खरं विचारलं होतं, मी टाळलं. माझं चुकलं.
गिरीशनं काचेपलीकडून रेकॉर्डिंग बंद केलं. बाहेर आल्यावर म्हणाला, "वर विचारावं लागेल. मलाही घर आहे मॅडम." त्याचंही बरोबरच.

२० नोव्हेंबर, गुरुवार
वरून उत्तर नाही. गिरीश जेवायला वेगळा बसला. श्रीकांतला सांगितलं. पेपरची घडी करत म्हणाला, "मग मार्चचं मार्चमध्ये बघू."

२२ नोव्हेंबर, शनिवार. कलघटगी
फोनवर माफी मागणं बरं वाटेना, बसनं आले. गॅरेज शोधायला वेळ लागला. मल्लप्पा ट्रॅक्टरखाली होते. बाहेर आले, ओळखलं, स्टूल पुढं केलं.
"चुकलं माझं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. होय की नाही, कळलं नाही.
"सहाला रेडिओ लावाल का? आज वेगळं बोललेय. गिरीशनं कापलं नसेल तर."
"मेळाव्यापासून लावला नाही री," ते एवढंच म्हणाले. हात पुसले आणि चहा सांगायला कोपऱ्यावर गेले.
पावणेसहा झालेत. त्यांच्या स्टुलावर बसून लिहितेय. रेडिओ समोरच्या फळीवर आहे, बंद. मी हात लावलेला नाही.