धाकल्या हाताजोगं रिव्हॉल्वर

कुंभारटेक, ता. शिंदखेडा
दि. ११ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. द्रौपदाअक्का यांस,
तुमच्या भावजयीचा, कमलचा, वाकून नमस्कार. नानांनाही सांगावा. त्यांच्या गुडघ्यांसाठी निरगुडीचा पाला वाळवून ठेवला आहे, कोणी येणारं-जाणारं भेटलं की पाठवते.

इकडे बरं चाललं आहे. गहू पिवळा पडायला लागला. हरभरा सोंगून झाला. गायीला कालवड झाली, कपाळावर पांढरा चांद आहे, आणि एवढी अवखळ की आपल्या सालगड्याला, भिकनला, दिवसभर तिच्यामागे पळावं लागतं.

तुमचा निरोप पोचला. पिंप्राळ्याच्या इंदिराबाईंनी मला जळगावच्या बाजारात पाहिलं. तिथून पाचोरा तासाभरावर, आणि तरी मी नणंदेचं तोंड न पाहता परत गेले, म्हणून तुम्ही रागावलात. रागवायचा तुमचा हक्कच आहे. मी जळगावला गेले होते हे खरं. रिव्हॉल्वर घ्यायला गेले होते.

हे वाचून तुम्ही चष्मा पुसाल आणि नानांना हाक माराल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुमचे भाऊ गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की बंदूक पोलीस ठाण्यात जमा कर, शेत विक आणि पाचोऱ्याला ये. मी ऐकलं नाही. तेव्हापासून तुमचं इकडे येणं कमी झालं, तेही मला कळतं. पण अक्का, त्यांनीच मला नदीच्या वाळूत मडकी मांडून नेम शिकवला होता. बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाला आणि आता गावात बंदूक म्हणून एवढी एकच आहे. तापीकाठच्या झाडोऱ्यातून रानडुकरं उसात शिरतात, मका आडवा करतात, भुईमूग तर नांगरल्यासारखा उकरून ठेवतात. वनखात्याचा परवाना आला की गाव माझ्या दारात येतं. पहिल्या वर्षी लोक हसले. आता हाका घालायचा दिवससुद्धा मला विचारून ठरवतात.

डिसेंबरात वरच्या मळ्यातल्या उसात हाका घातला. सकाळची वेळ, ऊन चांगलं वर आलेलं. भिकन आणि इतर माणसं पत्र्याचे डबे बडवत पलीकडून निघाली. मी नाल्याच्या तोंडाशी उभी होते. एक मोठा डुक्कर निघाला, मी दोन्ही नळ्या झाडल्या. तो कोलमडला आणि उठून झुडपात घुसला. मला वाटलं, गेला. मी बंदूक उघडून काडतुसं बदलायला लागले, आणि तो बाजूच्या नाल्यातून थेट माझ्यावर आला. हातात उघडी बंदूक म्हणजे नुसती काठी. तीही मला उचलता आली नाही.

मागे बांधावर शेजारच्या मळ्याचे लोटनभाऊ उभे होते. ते तुम्हाला आठवतील. तुमचं लग्न झालं तेव्हा ते शाळेत जात होते, पुढे त्यांची बायको बाळंतपणात गेली आणि मूलही राहिलं नाही. बंदुकीच्या आवाजाला ते इतके भितात की हाक्याला आले तर कानात बोटं घालून उभे राहतात. त्यांनी अंगावरचं गोणपाट डुकराच्या तोंडावर फेकलं आणि मध्ये आले. डुकरानं त्यांची पोटरी फाडली आणि वीसेक पावलांवर जाऊन स्वतःच पडला. मग उठलाच नाही.

शिंदखेड्याला दवाखान्यात टाके घालताना त्यांनी एवढंच विचारलं की डुक्कर पडलं का. मी हो म्हटलं आणि डॉक्टरांसमोरच रडायला लागले. तेव्हा ते म्हणाले, “पुढल्या टाइमले काहीतरी धाकलं कमरले ठेवा वहिनी. मन्हाकडे आते एकच पोटरी शे.” डॉक्टर हसले, मीही रडता रडता हसले.

पण बोलणं खरं होतं. झुडपात लांब नळी फिरत नाही, आणि ती रिकामी असते तेव्हाच नेमकं जनावर येतं. मी अर्ज केला. हवालदार घरी चौकशीला आला. त्यानं विचारलं, बाईमाणसाला रिव्हॉल्वर कशाला? भिकननं त्याला त्या डुकराची कवटी आणून दाखवली. हवालदारानं सुळ्यांवरून बोट फिरवलं, चहा पिऊन गेला, आणि कलेक्टर कचेरीची मंजुरी आली.

धुळ्याच्या दुकानात होतं ते केवढं तरी मोठं, फौजदाराच्या कमरेला शोभेल असं. त्या माणसानं सांगितलं की जळगावला रतिलालशेठांकडे जा, त्यांच्याकडे कोणाचं तरी जुनं विकायला आलं आहे. म्हणून जळगाव. शिंदखेड्याहून पॅसेंजरनं गेलो.

गेलो असं लिहिलं खरं, मी एकटी नव्हते. इंदिराबाईंनी तुम्हाला सगळं सांगितलंच असेल.

रतिलालशेठ म्हातारे आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी आधी मला विचारलं की कशासाठी हवं. मी सांगितलं. ते म्हणाले, बेन, एक गोष्ट डोक्यात ठेवा, याच्यानं डुक्कर मारता येत नाही. हे शेवटच्या हातभर अंतरासाठी आहे, तुम्हाला तिथून जिवंत बाहेर काढण्यापुरतं. ते हाती आहे म्हणून रिकाम्या बंदुकीनं झुडपाजवळ जाणार असाल, तर मी विकत नाही. मला त्यांचं हे आवडलं.

मग त्यांनी एक पिस्तूल पुढं केलं. दिसायला चपटं, कमरेला कळणारही नाही असं. पण त्याचं वरचं झाकण मागे ओढायला इतका जोर लागतो की मी दातओठ खाल्ले तेव्हा ते हललं. शिवाय बाजूला एक कळ. शेठ म्हणाले, जनावर अंगावर येताना ही कळ आठवेल का? मी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. त्यांनी ते परत ठेवलं. रिव्हॉल्वरचं तसं नाही. एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र पुढं सरकतं. एवढंच ध्यानात ठेवायचं.

पहिलं रिव्हॉल्वर लांब नळीचं होतं. हात सरळ केला की मनगट खाली जायचं. दुसरं बसकं, पण मूठ जाड. शेठ म्हणाले, हे घ्या, सगळे हेच नेतात. मी धरून बघत होते. चापापर्यंत बोटाचं टोक कसंबसं पोचत होतं, पण दुकानात एवढा वेळ घालवल्याची लाज वाटून मी म्हणणारच होते की चालेल.

लोटनभाऊ तोवर दाराशी, आमच्याकडे पाठ करून, उभे होते. कोणी नळी त्यांच्याकडे केली की ते सरकायचे, म्हणून शेठांनीच त्यांना तिथं उभं केलं होतं. ते मागे न बघताच म्हणाले, “हाई मोठं पडी जाई तिले. तिना हात धाकला शे. आनि अंगठाजोडे इळाना वण शे, तठे घासाई जाई.”

अक्का, ती विळ्याची खूण मी स्वतः विसरले होते. ज्वारी सोंगताना लागलं होतं, तुमचे भाऊ गेले त्याच्या पुढच्या साली. तेव्हा बांधापलीकडून कोणी पाहिलं असेल असं मला कधी वाटलं नाही. आणि आजवर ते मला ‘तुम्ही’ म्हणत आले, त्या दिवशी पहिल्यांदा ‘तिले’ म्हणाले. तेही त्यांना कळलं नाही.

रतिलालशेठांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि आतल्या कपाटातून तिसरं काढलं. विलायती, जुनं, पण जपलेलं. नळी चार बोटं. मूठ बारीक, लाकडी, वापरून गुळगुळीत झालेली. ते हातात घेतलं आणि बोट बरोबर चापावर गेलं. खूण घासली नाही. मी म्हटलं, हेच.

दुकानामागच्या आवारात वाळूच्या पोत्यावर शेठांनी मला दोन बार टाकू दिले. दोन्ही लागले. लोटनभाऊ बाहेर रस्त्यावर जाऊन उसाचा रस पीत होते.

आता मी पाचोऱ्याला का आले नाही ते सांगते. स्टेशनवर आलो तेव्हा पाचोऱ्याकडे जाणारी गाडी फलाटावर उभी होती. लोटनभाऊ म्हणाले, जाऊन या, अक्का वाट पाहत असतील, पिशवी माझ्याकडे द्या. मग आठवलं की पिशवीत भाकरींच्या गाठोड्याखाली रिव्हॉल्वर आहे, म्हणून लगेच म्हणाले की नको, पिशवी तुम्हीच न्या. मला हसू आवरेना. बाकावर बसून इतकी हसले की शेजारची बाई सरकून बसली. आणि हसता हसता मीच विचारलं. त्यांनी नाही, मी विचारलं. म्हटलं, लोटनभाऊ, माझ्याशी पाट लावाल का?

गाडी सुटली, शेवटचा डबासुद्धा गेला. मग ते म्हणाले, “मंग माले वहिनी म्हननं सोडनं पडी.”

मी म्हटलं, पडेल.

म्हणून मी आले नाही, अक्का. आले असते तर तोंडानं सांगावं लागलं असतं, आणि तुमच्यासमोर बसून ते माझ्याच्यानं झालं नसतं.

एक काटा मात्र टोचतो. हे घर तुमचं माहेर आहे. आई गेल्यापासून इथं तुमची वाट बघणारी मी एकटीच. मी दुसऱ्याची झाले तर तुम्ही कोणाच्या दारात उतरायचं? लोटनभाऊ म्हणतात, मीच बांध ओलांडून या घरी येतो, घराला कुलूप लागायचं नाही. पण लोकांच्या आणि तुमच्या लेखी मी तुमच्या भावाची बायको, आधारवहिनी, उरणार नाही, हे मला कळतं. तुम्ही नाही म्हणालात तर मी फार रडेन. आणि खरं सांगायचं तर रडून झाल्यावर बहुतेक हो म्हणवून घ्यायला पुन्हा तुमच्याच दारात येईन.

काय ते कळवा. शिव्या द्यायच्या असल्या तर त्याही पत्रानं द्या, पण पत्र पाठवा.

उत्तर येईपर्यंत तरी तुमचीच भावजय,
कमल



पाचोरा
दि. २४ फेब्रुवारी १९९६

चि. सौ. कां. कमल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वर काय लिहिलं आहे ते पुन्हा एकदा वाच. लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाआधी छापतात तेच आहे. चुकून पडलेलं नाही. मला चौथीपर्यंतच शाळा असली तरी एवढं समजतं.

उत्तराला उशीर झाला, कारण पहिले दोन दिवस मी जेवले नाही. का, ते विचारू नको. आधार माझ्या कडेवर वाढला. तुझं पत्र वाचताना तो दुसऱ्यांदा गेला असं वाटलं. तिसऱ्या दिवशी नानांनी पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. तो पिशवीचा भाग आला तेव्हा ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि मीही पदराआड हसत होते हे त्यांनी पाहिलं. मग काय, भाकरी टाकली.

इंदिराबाईंनी काय सांगितलं ते आता ऐक. त्या म्हणाल्या, एक लंगडणारा माणूस तुमच्या भावजयीला उन्हातून सावलीकडे घेत चालला होता, आणि स्वतः उन्हातून चालत होता. मी तेव्हाच ओळखलं. तू सांगतेस का लपवतेस, एवढंच मला बघायचं होतं. लपवलं असतंस तर मी जन्मात बोलले नसते.

शेत विक म्हणाले होते, त्याचं कारणही आता सांगते. तू त्या घरात एकटी दिवे लावतेस हे माझ्यानं बघवत नव्हतं. म्हणून येणं कमी केलं. तुला वाटलं, मी रुसले. असू दे.

लोटनला मी ओळखते. लहानपणी आमच्या चिंचेवरून पडला होता आणि रडला नव्हता. फटाक्याला मात्र तेव्हाही भ्यायचा. तर लग्नात कोणी हौसेनं बार उडवायचा नाही, हे त्या भिकनला आत्ताच सांगून ठेव. रिव्हॉल्वर घेतलंस ते चांगलं केलंस. पण त्या शेठांनी सांगितलं ते विसरू नको, रिकाम्या बंदुकीनं झुडपाजवळ जायचं नाही. आता तुझ्यामागे उडी मारणारं माणूस आहे आणि त्याची दुसरी पोटरी मला धड पाहिजे.

आता माहेराचं. तू माझं माहेर कुठं जाणार म्हणून काळजी केलीस. तुझ्या माहेराचा विचार केलास का? साक्रीचे तुझे काका गेले तेव्हापासून तुला कुठं जायला जागा उरलेली नाही. तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस, पण दर आखाजीला, सगळ्या लेकी माहेरी येतात तेव्हा, तू बाकीच्यांच्या लेकींना झोके बांधून द्यायचीस आणि स्वतः स्वयंपाकघरात राहायचीस, ते मी बघत होते.

मी आणि नानांनी ठरवलं आहे. तुमचा पाट कुंभारटेकला लागणार नाही. इथं, पाचोऱ्याला, आमच्या दारात लागेल. हळद आम्ही लावू, तुला लुगडं आम्ही नेसवू. पाठवणी मी करणार, आणि रडायचं काय ते तेव्हाच रडून घेणार. म्हणजे तू कुंभारटेकला परत जाशील ती या घरची लेक म्हणून. मग एका आखाजीला तू माझ्याकडे यायचं आणि एका आखाजीला मी तुझ्याकडे. दोघींना माहेर. लोटनला म्हणावं, मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून बैलगाडी घेऊन स्टेशनवर यायची सवय कर.

गुरुवारी येते आहे. नाना बरोबर आहेत. घरी तूर असेल तर कळण्याच्या भाकरीबरोबर तुरीच्या दाण्यांची आमटी कर, आणि ते रिव्हॉल्वर मला बघायचं आहे, पण आधी काडतुसं काढून ठेव.

तुझी नणंद होते, ती आता
तुझी थोरली बहीण,
द्रौपदा