हळद पिवळीच राहिली

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. पुढं शाळा सुटली. आता शिराळ्याकडच्या डोंगरावर जांभ्या दगडाच्या खाणीत मुकादम आहे. टाकाऊ दगडमाती ओढ्याच्या वरच्या अंगाला टाका, असं मीच सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात पाऊस झाला आणि ढिगाखालून तांबडं पाणी खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरलं. एक म्हातारी म्हणाली, "आवं मुकादम, ह्ये पानी प्यायचं का रंगपंचमी खेळायची?" बाया हसल्या, मी विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. तुमच्या चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीतलं पाणी असंच तांबडं, पण आंबट. त्यात मासा जगत नसे, असं तुम्ही सांगायचात. घरी येऊन मी कागदाला हळद चोळली, वर विहिरीचं पाणी टाकलं. पिवळं ते पिवळंच. चुन्यानं लाल होणारी हळद लाल झाली नाही, म्हणजे पाणी आंबट, असं मी ठरवूनच टाकलं.

आणि मग आठवलं. मी दुसरीत आहे, तुम्ही सुट्टीवर आलाय, चुलीपुढं बसलाय. हीच चूक करून मी तुम्हाला कागद दाखवतो. "आरं गड्या, हळद चुना वळखती. साध्या पान्यातबी ती पिवळीच ऱ्हाती. आंबट बघायचं तर जास्वंद चोळ." मग खिशातून पितळेसारखा चकाकणारा खडा काढता. "ह्यात गंधक हाय. आख्खा धोंडा लवकर बिघडत न्हाई. फोडून बारीक केला, वारं-पानी लागलं, की आंबट पानी सुटतं. दगडात चुना आसला तर त्यो आंबटपना मारतो. नुसत्या रंगाला भिऊ नगंस."

मी जास्वंद चोळली. लिंबाच्या थेंबाखाली कागद गुलाबी झाला, विहिरीच्या पाण्याखाली जांभळाच राहिला. पाच वेळा बघितलं. तरी बाटली सांगलीला तपासायला नेली. तिथंही तेच सांगितलं: आंबट नाही, जांभ्याची माती आहे, गाळून उकळून प्या. आमच्या ढिगात तुमचा तो चकाकणारा खडा नाहीच. तरी मी चर खणून पाणी विहिरीपासून वळवलंय. काल म्हातारीनं हाक मारून चहा पाजला, त्याच विहिरीच्या पाण्याचा. दोन कप प्यालो.

एक राहिलं. घरात दुसरं फूल नव्हतं. जास्वंद मी तुमच्या फोटोवरचीच काढली होती. आईला सांगितलं, उंदरानं नेली.