त्या नावाचं इथे कोणी राहत नाही

आई,

गेल्या आठवड्यात कमिटीसमोर बोलून आले. परदेशात शिकलेल्या सोशल वर्कर्सच्या पदव्यांना इथे मान्यता देताना ज्या अटी घालतात, त्या बदलाव्यात म्हणून आम्ही चौघीजणी तीन वर्षं त्यांच्या मागे लागलो आहोत. मी तुझी गोष्ट सांगितली. सांगताना आवाज चढला. तो चढतोच, तुझा शांतपणा माझ्यात उतरलेला नाही. समोरच्या एका बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. तू गेल्याला सहा वर्षं झाली, आणि तुझा अर्ज कोणीतरी पहिल्यांदाच नीट वाचला.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते क्रमाने लिहायचं आहे. मुंबईची सोशल वर्कची पदवी घेऊन तू बाबांच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागोमाग इथे लंडनला आलीस आणि इल्फर्डच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, असिस्टंट म्हणून लागलीस. घरोघरी तू जायचीस, म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायचीस, रिपोर्ट लिहायचीस. सही मात्र कालपरवा पास झालेली एक मुलगी करायची, कारण तिच्याकडे इथलं सर्टिफिकेट होतं. मी ए लेव्हल्सच्या, म्हणजे बारावीच्या, वर्षात होते तेव्हा तू मान्यतेसाठी अर्ज केलास. उत्तर आलं की हे सर्टिफिकेट दुसऱ्याच बाईचं दिसतं. एका अर्थी त्यांचंही बरोबर होतं. लग्नात तुझं नाव बदललं, आणि आपल्याकडे बदलतं म्हणजे सगळंच बदलतं. स्वतःचं नाव, मधलं वडलांचं, आडनाव, तिन्ही. सर्टिफिकेटवरच्या नावातला एकही शब्द पासपोर्टवर नव्हता. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती, गॅझेटमध्ये काही छापलेलं नव्हतं. तुझ्याकडे पुरावा एकच, लग्नातला फोटो. ताटात तांदूळ पसरलेत आणि बाबा अंगठीने त्यात तुझं नवं नाव लिहितायत. तो फोटो तू त्यांना पाठवून दिलास. तांदळात लिहिलेलं मराठी नाव, लंडनच्या ऑफिसला! अजून आठवलं की हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

काही महिन्यांनी फोटो परत आला. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं सिद्ध होत नाही, सबब अर्ज बंद. त्या संध्याकाळी तू कणीक मळतेयस आणि मी शेजारी ताटं पुसतेय.

"मग ती गेली कुठे म्हणे?" तू विचारतेस.

"कोण?"

"पदवी घेतली ती."

आणि तू मला ते जुनं नाव पूर्ण सांगतेस. तोवर ते मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आजोळी सगळे तुला ताईच म्हणत. ऐकल्यावर मी तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिले. का, ते पुढे सांगते.

त्यानंतर तू तिच्याबद्दल परक्या बाईसारखं बोलायला लागलीस. आधी चेष्टेत. "ती हुशार होती गं, तिने असं सोडून दिलं नसतं." मग एका रविवारी जेवायला घेताना, आपण तिघंच असताना, तू चार ताटं मांडलीस. बाबा म्हणाले, "अगं, कोण येणारेय?" तू चौथं ताट उचललंस, पण लगेच नाही. मला ते आवडलं नव्हतं.

पुढे मी इथेच शिकले, इथलं सर्टिफिकेट घेतलं, आणि तू गेल्यावर तुझ्याच भागात कामाला लागले. तुझ्या जुन्या लोकांपैकी एक आजीबाई अजून आहेत, नव्वदीच्या, तळमजल्यावर राहणाऱ्या. मागच्या हिवाळ्यात त्या मला म्हणाल्या, "तुमच्याकडची ती दुसरी बाई मंगळवारी येऊन गेली." मला वाटलं, त्यांचा गोंधळ होतोय. मी हळूच सांगितलं की माझी आई आता नाही. त्या चिडल्या.

"तुझी आई मला ठाऊक होती, डिअर. तिच्या फ्यूनरलला मी कार्ड पाठवलंय. ही तरुण आहे. दोन वेण्या घालते. दारातच चपला काढून ठेवते."

"येऊन करते काय?"

"काही नाही. एक फॉर्म आणते. तिला पाहिलं म्हणून सही मागते. मी केली. बिचारी फार दमलेली दिसते."

नाव विचारलं तर त्यांनी सांगितलं. तोडकंमोडकं, पण तेच, तुझं लग्नाआधीचं. कधीतरी चहा पिताना तूच सांगितलं असशील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ऑफिसात येऊन व्हिजिट्सचं रजिस्टर पाहिलं. मंगळवारी त्यांच्याकडे कोणीही गेलं नव्हतं. मी ते पान दुसऱ्यांदा वाचलं.

कमिटीसाठी मी मान्यतेच्या ऑफिसातून तुझी जुनी फाइल मागवली. अर्ज बंद करण्याच्या आदल्या पानावर टाइप केलेल्या दोन ओळी होत्या. अर्जदाराच्या घरी फोन करून पूर्वीच्या नावाने चौकशी केली. फोन घेतलेल्या तरुण मुलीने सांगितलं की त्या नावाचं इथे कोणी राहत नाही.

ती मी, आई. स्टडी लीव्हवर घरी होते, अभ्यास होत नव्हता म्हणून वैतागलेली. त्या बाईने नाव दोनदा उच्चारलं, आडनावसुद्धा ओळखू येऊ नये असं. मी म्हटलं, असं कोणी नाही. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. तू कणीक मळताना ते नाव घेतलंस तेव्हा मला कळलं, आणि तेव्हाच सांगितलं असतं तर तू पुन्हा अर्ज केला असतास. एका फोनने काय होणार, असं मी इतकी वर्षं धरून चालले. तेवढ्यानेच झालं होतं.

फाइल कमिटीला देताना ते पान मी काढून घेतलं. आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता, की फोनवर कोण काय म्हणालं यावर एखाद्या बाईचं आयुष्य ठरवतात. पण त्यातला आवाज माझा होता. तरी आम्ही जिंकलो. यापुढे नाव बदललेल्या बायकांचं प्रतिज्ञापत्र चालेल आणि त्यांचं काम प्रत्यक्ष बघून ठरवतील. बाकीच्या तिघींनी मला मिठ्या मारल्या. पान माझ्या पर्समध्ये होतं.

काल आजीबाईंकडे गेले होते. निघताना त्या म्हणाल्या, "तुझी ती दोन वेण्यांची मैत्रीण सांगत होती, आता एकच सही राहिलीय."

हे पत्र पाठवायचं नाहीच. पाकिटावर कुठलं नाव घालायचं, तेच ठरत नाही. आज मंगळवार आहे. मी सुट्टी घेतलीय आणि बाबांना त्याचं कारण सांगितलेलं नाही. सहीसाठी पेन समोर ठेवलंय. बेल वाजली तर या वेळी नाव नीट ऐकून घेईन आणि हो म्हणेन, इथेच राहते. पण खरं सांगू, अजून वाजली नाही म्हणून मला बरं वाटतंय.