क्लेटनला दिलेला पास

तीर्थस्वरूप ओरेस्टमामांस, डॅर्सीचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा अंगे साडेसातच धरावीत). सस्कॅच्वानला पारा उणे तिसाच्या खाली गेला असे ऐकले. तुमची कंबर काय म्हणते? नादियामामींच्या बटाट्याचे सारण भरलेल्या पेरोगींची रोज आठवण येते. इथल्या आतून रिकाम्या असतात.

जानेवारीत मला पुन्हा दुसऱ्या संघाला देऊन टाकले, हे आईकडून कळलेच असेल. हा अकरावा. लोक म्हणतात, डॅर्सी कुठे टिकत नाही. मी म्हणतो, अकरा संघांना ज्याची गरज पडली, त्याच्यात काहीतरी असणारच. आइस हॉकीतला बचावपटू चौतिशीतच खरा पिकतो. मोडलेले हाड जुळले की आणखी मजबूत होते म्हणतात, आणि माझी जवळजवळ सगळीच जुळून झाली आहेत. नव्या कोचने सांगितले होते की शनिवारचा सामना पाहून मला ठेवायचे की सोडायचे ते ठरवणार. मी निर्धास्त होतो. सामना माझ्या जुन्याच संघाशी होता, त्यांच्या सगळ्या खोडी मला पाठ.

माझ्याही त्यांना पाठ, हे तेवढे ध्यानात आले नाही. क्लेटन आठवतो ना? (अठ्ठावीस पेरोगी खाऊन वर मामींनाच "तुम्ही जेवलात का" विचारणारा.) त्या संघात चार वर्षे आम्ही जोडीने बचाव केला, मी डावीकडे, तो उजवीकडे. अंगावर कोणी चालून आले की मागे न बघता आवाजाच्या दिशेने पकची चकती सोडायची, हा आमचा नियम. शनिवारी दोन-दोन बरोबरी, शेवटचे मिनिट, आमच्याच गोलमागे दोन धटिंगण माझ्यावर आलेले, आणि उजवीकडून शांत आवाज आला, "आहे मी, डॅर्स." मी न बघता पास दिला. इतका अचूक पास या मोसमात माझ्या हातून गेला नव्हता. क्लेटनने तो आमच्याच जाळ्यात घातला.

नंतर बसपाशी तो मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "फसवायला नव्हतो रे बोललो. सवयीनं तोंडातून गेलं." मामा, मला भरून आले. हरलो त्याचे काही वाटेना. कोच मात्र एवढेच म्हणाला, "बाराव्या संघाला माझा नमस्कार सांग." माणूस विनोदी आहे, मी मनावर घेतलेले नाही. मोठ्या लीगचे बोलावणे आता कधीही येईल.

आपला,
डॅर्सी

ता. क. गावच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीवर तुम्हाला माणूस हवा होता, तो मिळाला का? एका मित्रासाठी विचारतो आहे.

ता. क. २. मित्र रविवारच्या बसने निघाला आहे. त्याला खालचीच खोली द्यावी. त्याचाही डावा गुडघा वाकत नाही.